भादव्यातला श्वास

भादवा लागला की बुलढाण्याकडच्या आमच्या उंद्रीत हवा थांबते. आभाळ भरलेलं राहतं, पाऊस मात्र पडत नाही. मधूनच ऊन निघतं आणि ओली माती वाफाळायला लागते. वावरातून दुपारी घरी येणारा माणूस आंघोळ करून आल्यासारखा ओला असतो. कपाशीला आम्ही पराटी म्हणतो. या दिवसांत पराटी छातीला लागते, फुलापात्यांनी भरून येते, आणि मग चहूकडून फवाऱ्याचा वास सुरू होतो. थोडा लसणासारखा, थोडा रॉकेलसारखा, आणि त्याखाली गोडसर काहीतरी, जे मला अजून कशाचंच म्हणता आलेलं नाही.

आज सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. कुणाच्या तरी वावरातून तो वास आला आणि माझा गळा मिटला. दरवर्षी मिटतो. मला काही आठवायच्या आधी माझ्या छातीला आठवतं. हातातलं ओलं लुगडं मी बादलीत तसंच ठेवलं, कठड्याला हात टेकून उभी राहिले, आणि गरम चहावर फुंकर मारावी तसा आतला श्वास हळूहळू बाहेर सोडला. पार पोट पाठीला लागेपर्यंत. मग जरा थांबले. श्वास आपला आपण आत आला. पुन्हा सोडला. मग लुगडं झटकून दोरीवर टाकलं.

माझ्या इतक्या वर्षांच्या योगाची कमाई विचाराल तर ती एवढीच आहे. पण ही एवढीशी गोष्ट मला जिच्यातून मिळाली, ती सुगी अजून माझ्या अंगातून गेलेली नाही.

त्या वर्षी पराटी फार माजली होती. बीटीचं बियाणं नवीन आलं तेव्हा जीपवर कर्णा लावून गावोगाव सांगत फिरले होते, की या पराटीला बोंडअळी शिवणार नाही, फवारे वाचतील. सुरुवातीची काही वर्षं ते खरंही ठरलं. आमच्या ओसरीवरचे पत्रे जाऊन स्लॅब पडला तो त्याच कापसावर. मग अळी हळूच परत आली. वरून बोंड हिरवंगार, आणि फोडून पाहावं तर आत गुलाबी अळी सरकी पोखरून बसलेली. वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचायचं नाही. म्हणून लोक आणखी कडक औषध आणायचे, दोन-दोन औषधं एकत्र कालवायचे.

माझे मालक अंगानं धिप्पाड. जवानीत कबड्डी खेळायचे तेव्हा त्यांना धरायला समोरची आख्खी टीम लागायची. त्या साली पराटी त्यांच्याही खांद्याला लागली होती. पंपाची नळी वर धरून फवारावं लागे, आणि हवा पडलेली असली की फवारलेलं सगळं धुक्यासारखं त्यांच्याच तोंडावर येई.

एक दिवस दुपारीच घरी आले. पंप दारात टाकला आणि ओसरीच्या पायरीवर बसले.

"डोयापुढं धुपट धुपट दिसून राह्यलं," म्हणाले. "पानी दे."

मी पाणी दिलं. ते प्यायले आणि सगळं उलटून पडलं. तोंडातून लाळ सुटली, घामानं अंग निथळायला लागलं. शेजारी म्हणाले, ऊन लागलं, कांदा फोडून हुंगवा. मी त्यांना मांडीवर घेऊन बसले. त्यांचा शर्ट औषधानं ओला होता, तो माझ्या हातांना चिकटत होता, पण तो आधी काढून टाकावा, साबणानं अंग धुवावं, हे आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणीतरी गाडी आणली. चिखलीला नेलं, तिथून बुलढाण्याला. डॉक्टरांनी पापणी वर करून पाहिली. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

"कोणतं औषध मारलं?" त्यांनी विचारलं.

पाकीट वावरातच राहिलं होतं, नाव कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या वॉर्डात सगळी आमच्यासारखीच माणसं होती. पुरुष खाटांवर. ते बरळत, हातपाय झाडत, म्हणून काहींचे हात खाटेला बांधलेले. बायका पदरानं वारा घालत उभ्या. कुणी रडत नव्हतं. रडायला बसावं लागतं, आणि तिथे बसायला जागा नव्हती.

ते वाचले. पोळ्याला सजवलेले बैल दारावरून गेले तेव्हा दवाखान्यात होतो, परत आलो तोवर गणपती बसले होते. ते बाजेवर बसून असत, खांद्यांची हाडं वर आलेली. बघायला माणसं येत, चहा होई. सगळे त्यांना विचारत, 'कसं वाटते आता?' मी चहा देत होते. मला वाटलं होतं, हे घरी आले की मी मोकळा श्वास घेईन.

झालं उलटंच. एका सकाळी भाकरी थापताना वाऱ्यावर तो वास आला आणि माझा श्वास अडकला. कुणी छातीवर जातं ठेवावं तसं झालं. मी तोंड उघडून हवा ओढत होते, आणि जितकी ओढावी तितकी ती कमी पडत होती. बोटांना मुंग्या आल्या. तव्यावरची भाकरी करपली. हे बाजेवरून कसेबसे उठून आले, "काय झालं व? काय झालं?" म्हणत राहिले. मला वाटलं, संपलं. जो मरणार होता तो वाचला आणि आता मी चालले.

डॉक्टरांनी छातीची पट्टी काढली आणि हृदय चांगलं आहे म्हणाले. झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या घेऊन मी दगडासारखी पडायचे आणि दगडासारखीच उठायचे. गावातल्या बायका म्हणाल्या, बाहेरचं असेल, नारळ उतरवून टाक. तोही उतरवला. वास आला की श्वास अडकायचाच. मग नुसता वास येईल या भीतीनंही अडकायला लागला. मी दारं-खिडक्या लावून घरात बसू लागले. बाहेर पराटी फुलत होती.

आमच्या मागच्या खोलीत शमीम मॅडम भाड्यानं राहायच्या. पिंपळगाव राजाच्या. इथल्या शाळेत खेळ शिकवायच्या. वडील पिंजारी, गाद्या भरायचे. लहानपणापासून घरात कापसाचा भुगा उडायचा, त्यातच त्यांना दम्यानं धरलं. पुढे कॉलेजच्या वसतिगृहात एका बाईंनी त्यांना आसनं आणि प्राणायाम शिकवला. गावात कुणी विचारलं, की खेळाच्या मॅडमला हा नाद कुठून लागला, तर त्या म्हणायच्या, "दम्यानं लावला."

त्यांनी मला मागच्या पायरीवर छाती धरून बसलेली पाहिलं.

"काय होऊन राह्यलं, भाभी?"

"श्वास येत नाही."

"येत नाही, का जात नाही?"

मला प्रश्नच समजला नाही. त्या शेजारी बसल्या. एक हात माझ्या पाठीवर ठेवला.

"तुम्ही घेऊन राह्यल्या, घेऊन राह्यल्या, सोडून नाही राह्यल्या. भरल्या माठात अजून पानी कसं जाईन? पहिले सोडा. तोंडानं सोडा. हं. अजून आहे आत. तेबी सोडा."

"जीव जाईल."

"नाही जात. घ्यायची घाई नोका करू. तुम्ही बोलावला नाही तरी तो येते."

आणि तो आला. भरून नाही आला, घोटभरच आला. पण मी ओढला नव्हता, तो आपण होऊन आला होता. लहानपणी मेहकरला माहेरी आमची एक मांजर होती. तिला धरायला गेलं की पळायची, आणि दुर्लक्ष केलं की मांडीवर येऊन बसायची. तसं काहीसं मला वाटलं, आणि त्या अवस्थेतही हसू आलं.

दुसऱ्या दिवसापासून मी शाळेच्या व्हरांड्यात जाऊ लागले. पोरं यायच्या आधी मॅडम काही बायकांना शिकवायच्या. आम्ही सगळ्या साड्यांतच. पाय वर केला की साडीचा घोळ व्हायचा, मग हसणं, मग मॅडमचं खोटंखोटं रागावणं. वज्रासनात बसले की घोटे ठणकायचे. ताडासनात टाचा उचलल्या की सगळ्या जणी वाऱ्यातल्या पराटीसारख्या हलायच्या.

मला आठवतो तो भुजंगासनाचा पहिला दिवस. पालथं पडायचं, तळहात टेकवायचे, छाती वर उचलायची आणि मान मागे. मी उचलली आणि कमरेतून काहीतरी कटकन सुटल्यासारखं झालं. दुखलं, पण ते दुखणं वेगळं होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी जन्मभर पुढे वाकत आले आहे. निंदताना पुढे, वेचताना पुढे, चुलीपुढे, धुण्यापुढे, मोठ्यांच्या पायांपुढे. मागे वाकायला मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

अंगाला गुण आला तो असा, आपला आपण, न सांगता. सकाळी उठताना कमरेला हात लावावा लागेना. जेवलेलं पचू लागलं. गोळ्यांशिवाय झोप लागायला लागली, आणि त्या झोपेतून उठल्यावर झोपून उठल्यासारखं वाटायला लागलं. मनाचं सांगणं जरा अवघड आहे. भीती गेली नाही. पण वास आणि भीती यांच्या मध्ये एक फट पडली. पूर्वी वास म्हणजेच भीती होती. आता वास यायचा, मग एक क्षण रिकामा जायचा, मग भीती यायची. त्या रिकाम्या क्षणात मी श्वास सोडायला शिकले. दाराशी आलेल्याला आपण आधी ओळखतो आणि मग आत घेतो, तसं काहीतरी.

हे मात्र चेष्टा करायचे. "श्वास घ्यायले बी आता मास्तरीन लागते काय?" ज्या माणसाच्या नाकाला लावलेली नळी मी डोळ्यांनी पाहिली होती, तोच माणूस हे बोलत होता. मी त्यांच्या हाताकडे पाहायचे. कपबशी धरली की बशी किणकिणायची.

एकदा रेखा आली. रेखाचा नवरा संतोष मजुरी करायचा, आणि हंगामात फवारणीचीच कामं जास्त घ्यायचा. ती पोरीला शाळेत सोडायला लवकर आली होती, तर मॅडमनी तिलाही बोलावून घेतलं. लाजत लाजत तिनं थोडं केलं. शेवटी शवासन. मॅडम सांगत होत्या, पायाचे अंगठे सैल सोडा, गुडघे सोडा, पोट सोडा. पोटापर्यंत येईस्तोवर रेखा घोरायला लागली होती. आम्ही तोंडावर पदर घेऊन हसू लागलो. मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं. पोरं जमली तर त्यांना मैदानात नेलं. व्हरांड्यात ऊन आलं, ते रेखाच्या पायांवर आलं, तळव्यांच्या भेगांवर आलं. मग घंटा झाली आणि ती दचकून उठून बसली.

"माय व! किती झोपली मी!"

आम्ही मोठ्यानं हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "पाठ जमिनीले लागली अन् कोनी हाक नाही मारली, असं कधी झालंच नोतं." मग आमचंही हसू विरलं.

दसऱ्याच्या आसपास अळी पुन्हा आली. मी रोज व्हरांड्यात जात होते. मला आता शवासनात एक हलकेपणा यायचा. पाण्यावर पान तरंगावं तसा. कुठलाही आवाज आला तरी तो दूरचा वाटायचा. त्या सकाळीही आला. शाळेमागच्या वाटेनं फवाऱ्याच्या पंपाची घरघर आली आणि मी ती नुसती ऐकली. मनात म्हटलं, बघ, आता काही होत नाही तुला.

घरी आले तर हे नव्हते. शेजारणीनं सांगितलं, वावरात गेले, फवारा आहे. मी उंबऱ्यावरूनच मागे वळले. मग ती म्हणाली, "ते नाही मारत वो. संतोषले लावलं."

आधी मला सुटल्यासारखं वाटलं. श्वास खोल, छान आला. आणि त्याच श्वासाच्या शेवटी मला रेखाचे ते उन्हातले पाय दिसले.

मी तशीच वावराकडे निघाले. जवळ जाऊ लागले तसा वास दाट होत गेला. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, हे उभे होते, बादलीत काडीनं औषध कालवत. संतोष पराटीच्या तासात, दोन ओळींच्या मधे होता, नाकाला दुपट्टा, पाय उघडे, पँट मांडीपर्यंत ओली. पराटी त्याच्या डोक्याएवढी होती. आधी फवाऱ्याचा ढग दिसे, मग त्यातून संतोष बाहेर येई.

"इथं काऊन आली?" हे ओरडले. "वास लागते तुले!"

मला बोलायचं होतं, पण गळा मिटला होता. मी धुऱ्यावर खाली बसले. मातीत दोन्ही हात टेकले. बाकी काही करता येत नव्हतं, म्हणून श्वास सोडला. पुन्हा सोडला. ते बादली टाकून माझ्याकडे धावले. मी हात वर करून त्यांना थांबवलं. एरवी अशा वेळी मी रडले असते, नाहीतर भांडले असते, आणि त्यांना दोन्हीची सवय होती. पण श्वास परत आला तेव्हा आवाज अगदी साधा निघाला.

"संतोषभाऊ, बंद करा. बाहेर या."

संतोष थांबला. यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय बंद करा? अळीनं बोंडं खाऊन राह्यली. तू म्हनते मी मारू नोको, त मी नाही मारून राह्यलो. आता त्यानंबी मारू नोको? मंग पीक कोन वाचवन, तुही मॅडम?"

"त्याच्या घरी रेखा आहे."

"मंग?"

"तुम्हाले त्या खाटेवर मी पाह्यलं. तिनं त्याले पाहू नये."

संतोष तासातून बाहेर आला. दुपट्टा खाली केला. त्याचे डोळे लाल होते. तो माझ्याशी फार सौम्यपणे बोलला, लहान मुलीला समजवावं तसा.

"वहिनी, मी इथं नाही मारलं त उद्या दुसऱ्याच्या वावरात मारीन. काम त पाहिजेच ना? तुमच्या वावरात निदान सावलीले झाड आहे."

मी एवढंच म्हणाले, "उद्याचं मले नाही माहीत. आज इथं नोको."

यांनी हातातली काडी फेकून दिली. मला वाटलं, आता माझ्यावर हात उगारतील. ते मटकन धुऱ्यावर बसले आणि आपल्या थरथरत्या हाताकडे पाहत राहिले.

"मले भेव लागते," ते म्हणाले. "पंप उचलला की मले भेव लागते. म्हनून त्याले लावला. अजून काय सांगू तुले?"

दवाखान्यातून आल्यापासून ते हे पहिल्यांदा बोलले होते. संतोषनं पाठीवरचा पंप खाली उतरवला. वाराच नव्हता, पराटीचं पानही हलत नव्हतं.

मग संतोष विहिरीवर साबण लावून नाहला. यांनी त्याला आपला धुतलेला सदरा दिला. दिवसभर त्यानं धुऱ्याचं गवत कापलं आणि संध्याकाळी आपली मजुरी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी तो खालच्या अंगाच्या एका वावरात फवारा मारत होता. वाटेनं जाताना मी त्याला पाहिलं. त्यानं हात केला.

आमचं पीक अळीनं खाल्लं. बोंडं फुटली ती अर्धी, पिवळी, कडक. त्या कापसाला कवडी म्हणतात. कवडी वेचताना बोटांची सालं निघतात. दिवाळीनंतर आमच्या मधल्या खोलीत दरवर्षी आढ्यापर्यंत कापूस भरलेला असायचा, गल्लीतली पोरं त्यावर उड्या मारायची. त्या हिवाळ्यात त्या खोलीची मागची भिंत दिसत होती. तिचा रंग मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. यांनी मला बोल लावला नाही. पण जाता-येता त्या खोलीच्या दारात थोडे थांबायचे.

त्याच दिवसांत मी शमीम मॅडमना विचारलं. व्हरांड्यात आम्ही दोघीच होतो. "मॅडम, आपण मन शांत करतो ते कायसाठी? आजूबाजूचं वाईट दिसू नये म्हणून काय? मी शवासनात पडली होती, अन् माझ्याच वावरात तो मानूस इष अंगावर घेऊन राह्यला होता."

त्यांनी चटईची सुटलेली काडी ओढून काढली.

"मले नाही माहीत, भाभी. मी त दम्यासाठी शिकली होती."

त्यांनी मला काहीतरी छापील उत्तर दिलं असतं तर मी त्या दिवशीच योग सोडला असता. उत्तर नसतानाही त्या शिकवत राहिल्या, आणि मीही जात राहिले. विष श्वासानं उतरत नाही, त्याला सुईच लागते. गरिबी ताडासनानं कमी होत नाही. पण अंग ठणकत असताना, छाती मिटलेली असताना मला दुसरं कुणी दिसतच नव्हतं. माझ्या दुखण्यानं माझे डोळे व्यापले होते. कंबर सुटली, झोप लागली, तेव्हा कुठे मला रेखाचे पाय दिसले. शांत झालेलं माणूस झोपीही जाऊ शकतं आणि उठून वावरातही जाऊ शकतं. कुठे जायचं, ते आसन सांगत नाही.

पुढच्या पावसाळ्यात यांना खोकल्यानं धरलं. एका सकाळी मी ओसरीवर बसले होते, तर शेजारी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"ते सोडाचं कसं म्हनते तू?"

मी हसले नाही. त्यांच्या पाठीवर हात ठेवला. खाली बसायला गुडघे वळत नव्हते, म्हणून ते खुर्चीतच करू लागले. अजूनही खुर्चीतच करतात. हाताची थरथर गेली नाही, ती जाणार नाही असं डॉक्टर म्हणाले. पण झोप येते. आणि काही सलत असेल तर बोलतात. धडधाकट होते तेव्हा ते बोलत नसत. आता आमची पराटी थोड्याच ओळींत असते, बाकी तूर आणि सोयाबीन. त्यांवरही फवारा लागतोच. तो जमेल तितका कमी, वारा पाहून, सकाळच्या वेळी, अंग पुरतं झाकून. आम्ही सुटलो असं मी म्हणणार नाही.

संतोष आणि रेखा पुण्याकडे बांधकामावर गेले. जाताना रेखा माझ्याकडून जुनी चटई मागून घेऊन गेली. मॅडमची बदली झाली. व्हरांड्यातल्या बायका पांगल्या, नवीन आल्या, आणि कधीतरी त्या मलाच विचारू लागल्या. आता देवळाजवळच्या सभागृहात सकाळी मी बसते. आसनं मला मोजकीच येतात.

त्या नव्या बायकांत कोमल आहे. गेल्या उन्हाळ्यात लग्न होऊन आली. या भादव्यात, अगदी परवा, ती अनवाणी पळत माझ्या दारात आली. तिचा नवरा वावरातून आला आणि अंगणात कोसळला. मी गेले. वास आला, गळा मिटला, श्वास सोडला, आणि हात कामाला लागले. त्याचा शर्ट काढला. साबणानं डोकं, मान, हात, सगळं धुतलं. औषधाचं पाकीट शोधून पिशवीत टाकलं. गाडी बोलावली. वाटेत एका हातानं त्याला कुशीवर धरलं आणि दुसऱ्या हातानं कोमलला. डॉक्टरांनी कोणतं औषध म्हणून विचारलं, तेव्हा मी पाकीट त्यांच्या हातात दिलं. दुपार कलताना बाहेर येऊन ते म्हणाले, वेळेत आणलं, वाचेल.

आम्ही दोघी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसलो. कोमलच्या पायाला वाटेतला चिखल वाळून चिकटला होता. ती माझ्याकडे पाहत होती.

"काकू, तुम्हाले भेव नाही वाटलं?"

"वाटलं व माय. लय वाटलं."

"दिसलं नाही." मग म्हणाली, "मलेबी असं शिकवा. मलेबी कोनाले दिसू द्यायचं नाही."

मी तिच्याकडे पाहिलं. वीस वर्षांचीही नसेल. ती जे मागत होती ते मी तिला देऊ शकले असते. इतकी वर्षं मी तेच तर शिकले होते, आणि गावात लोक माझं नाव काढतात ते त्यासाठीच.

"नाही," मी म्हणाले. "तो घरी येऊ दे. चांगला होऊ दे. मंग ज्या दिवशी तो पंप उचलन ना, त्या दिवशी तुहं भेव त्याले दिसू दे. पुरं दिसू दे."

ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. तिला श्वास कसा सोडायचा ते मी सांगितलं नाही. तिला रडू दिलं.